उवांनी तोंड फिरवलं

१

सोमवार हा बाटल्यांचा दिवस. संग्रहालयाच्या तळघरात लोखंडी मांडण्यांवर अकराशे बरण्या होत्या आणि झाकण कितीही घट्ट लावलं तरी प्रत्येकीतलं स्पिरिट हळूहळू उडून जायचं. दर सोमवारी एक मांडणी घ्यायची, बरण्या उघडायच्या, स्पिरिट भरायचं, झाकणाच्या कडेला व्हॅसलीन फिरवायचं, आतली चिठ्ठी वाचता येते का बघायचं आणि बरणी परत जागेवर ठेवायची. शेवटच्या मांडणीशी पोचेतो पहिली पुन्हा तहानलेली असायची. बाई हे काम एकोणीस वर्षं करत होत्या. तोंडावर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘बाटलीबाई’. ते त्यांना ठाऊक होतं. घरी जाताना अंगाला येणाऱ्या वासाने बसमधला शेजारी सरकून बसला, की त्या नावाचा त्यांना दुप्पट राग यायचा.

त्या सोमवारी मात्र बरण्या मांडायला जागाच नव्हती. टेबलावर तो ट्रे ठाण मांडून बसला होता.

नऊ दिवसांपूर्वी बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्याला एक मेलेला देवमासा लागला होता. साहेबांनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, बाईंच्या हातात सुरी, बादली आणि रबरी बूट दिले, “काहीतरी दाखवण्यासारखं आणा” म्हणून सांगितलं आणि स्वतः वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायला गेले. बाईंनी नाकाला रुमाल बांधून देवमाशाच्या डोक्यावरच्या खरखरीत, पांढुरक्या चट्ट्याचा ताटाएवढा तुकडा कापून आणला. त्यावर दोनेकशे जीव घट्ट चिकटले होते. नखाएवढे, चपटे, फिकट पिवळे आणि मागच्या पायांना आकडे.

“शी! उवा!” साहेब म्हणाले.

“म्हणतात उवा, पण उवा नाहीत त्या,” बाईंनी सांगितलं. “खेकडे-कोळंबीच्या नात्यातल्या. यांना पोहता येत नाही. देवमाशाच्या अंगावरच जन्मतात, तिथलीच कातडी कुरतडतात, तिथंच मरतात. आयुष्यभर काम एकच, धरून बसायचं. पकड सुटली की गेली तळाला.”

“वा, हेच फलकावर लिहा. जगतात किती दिवस?”

“देवमासा मेला की तीन दिवस. डोक्यावरून पाणी, चार. जिवंत कातडी लागते त्यांना.”

तेही फलकावर लिहून झालं, छापून आलं. फलक भिंतीला टेकून उभा होता, आणि नवव्या दिवशी ट्रेमधल्या उवा ठणठणीत होत्या.

बाईंना याचा आनंद झाला नाही, नवलही वाटलं नाही. त्यांचं डोकं फिरलं. चौथ्या दिवशी मरणार म्हणून टेबल दिलं होतं. आता फोटोवाला येईस्तोवर त्यांना स्पिरिटमध्ये टाकायचं नाही असा साहेबांचा हुकूम, फोटोवाला दोनदा तारीख देऊन फिरकला नव्हता, आणि कातडीचा तुकडा इतका कुजला होता की मावशी, झाडलोट करणाऱ्या, दारातूनच झाडू आत फिरवून निघून जात.

“मरा की गं आता,” बाई ट्रेवर वाकून म्हणाल्या.

तेव्हा त्यांना दिसलं की सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत.

२

घरी वेगळीच तऱ्हा होती. सासूबाईंनी आठवड्याभरात चौथ्यांदा खाट फिरवायला लावली होती.

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, पण डोकं सुनेपेक्षा तल्लख. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई, बोलणं अजून तसंच तुटक आणि हुकमी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं राज्य त्या एका खाटेपुरतं उरलं होतं, आणि ते त्या चोख चालवत. खाट लोखंडी, जुनी, चाकं गंजून कायमची बसलेली. ती हलवायची म्हणजे सकाळच्या घाईत नवरा एकीकडे, बाई दुसरीकडे, आणि मधे महाराणी.

“डोक्याकडची बाजू जरा कपाटाकडे. अजून. अजून एक वीत. फार झालं, मागे घ्या. हां. बास.”

“आई, परवा तर दाराकडे हवी होती,” बाई धापा टाकत म्हणाल्या.

“परवाचं परवा.”

“पण का? उजेड येतो डोळ्यांवर? पंख्याचा वारा लागतो?”

“बरं वाटतं असं. तुला सांगून कळणार आहे का?”

नवऱ्याने आईच्या मागून डोळ्यांनीच ‘सोड ना’ केलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता, आणि त्याचाही तो आठवडा वाईट चालला होता. शहरभर लिफ्ट अडकत होत्या. आज या इमारतीत, उद्या त्या इमारतीत. रूळ सरळ करून यावं तर दोन दिवसांनी पुन्हा घासल्याची तक्रार.

“तुझ्या त्या उवा मेल्या का?” जिना उतरताना त्याने विचारलं.

“नाही मेल्या.”

“मग आपल्या म्हातारीसारख्याच आहेत,” तो म्हणाला. बाईंना हसू आलं, आणि हसू आलं याचाही राग आला.

३

मंगळवारी बाईंनी ट्रे अर्धा फिरवला. उवांची तोंडं भिंतीकडे झाली. त्या हात धुऊन आल्या तोवर निम्म्या उवा वळल्या होत्या. बरण्यांची एक ओळ भरून होईतो सगळ्या वळल्या. पुन्हा तोंड बेसिनच्या बाजूला, पुन्हा ओळीने, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

बाई शास्त्राच्या माणूस होत्या, निदान शास्त्राच्या बरण्या भरणाऱ्या तरी. त्यांनी एकेक गोष्ट बाद करायला घेतली. उजेड असेल म्हणून दिवा मालवला, ट्रेवर काळं फडकं घातलं. फरक नाही. शीतपेटीची थरथर असेल म्हणून तिची पिन काढली. फरक नाही. ट्रे उचलून दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेला, जिथे फक्त मोडक्या खुर्च्या होत्या. तिथेही बेसिनची दिशा, बेसिन नसताना.

मग पाणी. देवमाशाच्या अंगावर या उवा पाण्याच्या ओघाकडे तोंड करून बसतात. देवमासा पुढे जातो, पाणी अंगावर येतं, ते समोरून घेतलं तर पकड टिकते, आडवं बसलं तर वाहून जायला होतं. पण ट्रेमध्ये कसला ओघ? बाईंनी ड्रॉपरने शाईचा एक थेंब सोडला. तो जागच्या जागी, सगळीकडे सारखा, हळूहळू पसरला. पाणी मेल्यासारखं स्थिर होतं.

आणि त्या मेल्या पाण्यात उवा अंग चपटं करून, पुढचे पाय आवळून, आकडे रुतवून बसल्या होत्या. जोराचा ओघ अंगावर घेणाऱ्या प्राण्यासारख्या. मधूनच एखादी पाय हलवून पकड सुधारायची.

बाईंनी साहेबांना बोलावलं. साहेब जिन्यावरूनच वाकले.

“सगळ्या एकाच दिशेला बघतायत, साहेब.”

“बरंच आहे की. फोटो चांगला येईल.”

“पण का बघतायत?”

“बाई,” साहेब म्हणाले, “तुमच्या त्या मांडणीचं काम मागे पडलंय. त्यांना बघू द्या हवं तिकडे. तुम्ही बरण्यांकडे बघा.”

४

शुक्रवारपर्यंत उवांनी तोंड फिरवलं होतं. एकदम नव्हे, दिवसाला थोडं थोडं. बाई रोज टेबलावर खडूने रेघ मारत. चार रेघा उघडलेल्या पंख्यासारख्या दिसत होत्या, बेसिनकडून दाराच्या चौकटीकडे सरकत गेलेल्या.

दाराकडे, मग कपाटाकडे, असं कुणीतरी म्हणत होतं. कोण बरं? बाईंना ते बसमध्ये आठवलं आणि त्यांनी चक्क “छे!” असं मोठ्याने म्हटलं. शेजारचा माणूस आणखी सरकला.

पण एकदा डोक्यात शिरलं ते शिरलं. शनिवारी निघताना त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडून ट्रेशी धरलं. एकशे चौदा. घरी आल्या, चप्पल न काढता आतल्या खोलीत गेल्या आणि मोबाइल खाटेच्या दांड्यावर ठेवला.

एकशे चौदा.

“काय मोजतेस?” सासूबाईंनी शब्दकोड्यातून डोकं वर न काढता विचारलं.

“काही नाही.”

सोमवारी सकाळी खाट पुन्हा हलवली. या खेपेस बाईंनी कुरकुर केली नाही. एकशे एकवीस. तळघरात जाऊन पाहिलं. एकशे एकवीस.

त्यांना भीती वाटायला हवी होती. पण आधी वाटला तो संताप. दिवसभर घरात बसून सुनेला नाचवणाऱ्या म्हातारीचं काहीतरी खरं असावं, आणि ते सिद्ध करायला बाईंनीच स्वतःच्या हाताने खडूच्या रेघा माराव्यात, याहून वाईट काय असणार? संध्याकाळी त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

“आई, खरं सांगा. खाट का फिरवता?”

सासूबाईंनी पेन्सिल कानावर खोचली. सुनेने भांडायला नव्हे तर जाणून घ्यायला विचारलंय, हे त्यांना कळलं असावं.

“तू बसमध्ये उलट्या सीटवर बसतेस का?”

“नाही. मळमळतं.”

“मलाही.”

“पण आई, बस चालू असते. खाट जागेवर आहे.”

“खाट जागेवर आहे गं,” सासूबाई म्हणाल्या, “पण जातोय ना आपण. आधी हळू जात होतो. आता वेग आलाय.” आणि पेन्सिल काढून त्यांनी आडवा सातवा शब्द भरला.

५

दुसऱ्या दिवशी ट्रे रिकामा होता. कुजका तुकडा तसाच होता, पण त्यावर एकही ऊ नव्हती.

ज्याला पोहता येत नाही, कोरड्यावर चालायची ज्याची जात नाही, ते जाणार कुठे? बाईंनी टेबलाखाली पाहिलं, बरण्यांमागे पाहिलं, बेसिनच्या जाळीत बॅटरी मारली. मावशी दारात झाडूवर हनुवटी टेकून उभ्या होत्या.

“सापडलं का काही, बाई?”

“तुम्ही काही पुसलंत का मावशी? ट्रेला हात लावलात?”

“मी? मी आत पाऊल टाकते का? मी तुम्हाला वेगळंच सांगायला आले. त्या कोपऱ्याच्या भिंतीला घाम येतोय. पुसला की परत येतो.”

“ओल असेल. समुद्र जवळ आहे.”

“समुद्र तीस वर्षं जवळ आहे,” मावशी म्हणाल्या. “घाम आता येतोय. आणि हात लावून बघा.”

कोपऱ्यात छतापासून जमिनीपर्यंत एक जुनी भेग होती. बाईंच्या नोकरीइतकी जुनी. तिच्या दोन्ही बाजूंचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता, आणि पापुद्र्यांखाली, भेगेच्या काठाकाठाने, त्या बसल्या होत्या. अंग चपटं, आकडे रुतलेले, तोंडं एका दिशेला. बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. दोनशेपेक्षा कितीतरी जास्त होत्या. बऱ्याचशा तिळाएवढ्या होत्या. नव्या.

त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला, आणि पटकन काढला. मग स्वतःलाच दटावून पुन्हा टेकवला. पलीकडून गरम पाण्याचा नळ गेला असेल. पलीकडे काय होतं? पलीकडे माती होती. तळघर होतं ते.

“ऊन लागते ना?” मावशी म्हणाल्या. “मला वाटलं मलाच ताप आहे.”

बाईंनी चिमट्याने एक ऊ ओढली. ती सुटेना. ओढता ओढता भिंतीचा कण तिच्या आकड्यांसकट निघाला, आणि निघताना ती जागा जराशी आवळली. बाईंना तसं वाटलं. त्यांनी तो कण काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, डोळा लावला, भिंग फिरवलं.

एकोणीस वर्षांत त्यांनी खूप प्रकारच्या कातड्या या भिंगाखाली पाहिल्या होत्या. चुना कसा दिसतो तेही त्यांना माहीत होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग भिंगाचा दिवा बंद केला, काच पुसली, फडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि थोड्या वेळाने ते डब्यातून काढून कागदात गुंडाळून परत टाकलं.

“काय दिसलं?” मावशींनी विचारलं.

“रंग,” बाई म्हणाल्या. “जुना रंग.”

मावशी झाडू भिंतीला टेकवायला गेल्या. मग विचार बदलून तो हातातच धरून वर निघून गेल्या. साहेबांनी जिन्यातून हाक मारली, फोटोवाला गुरुवारी नक्की येतोय म्हणून. भिंतीला टेकून उभा असलेला फलक त्यांनी पालथा करून ठेवला.

६

“मला एक सांगा,” बाई दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपासमोर म्हणाल्या. रात्रभर त्यांना ते कसं विचारावं हेच कळलं नव्हतं. “तुमचे लिफ्टचे रूळ कुठल्या बाजूला घासतात?”

नवऱ्याने कप खाली ठेवला. “तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. विचारतेय.”

“विचारू नकोस,” तो चिडून म्हणाला. “आठ दिवस झाले, माझ्या डोक्याला ताप झालाय. लिफ्टच्या शाफ्टमध्ये वरून ओळंबा सोडला की तो सरळ लोंबायला पाहिजे. शेंगदाण्याएवढ्या पोराला कळतं. तो तिरका लोंबतो. इमारत कलली असेल म्हणून दुसऱ्या इमारतीत लावला. तिथेही तिरका. चार इमारती झाल्या. ऑफिसात सांगितलं तर म्हणतात, ओळंबा बदल.”

“कुठल्या बाजूला तिरका?”

“सगळीकडे एकाच.”

बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला दिशा दाखवायला सांगितलं. त्याने खिडकीतून बाहेर पाहत, समोरच्या इमारतींच्या अंदाजाने हात केला. हात आतल्या खोलीकडे, खाटेच्या उशाकडे होता. बस एकदम पुढे निघाली की उभी माणसं मागे कलतात, त्या मागच्या बाजूला.

त्यांनी सगळं सांगितलं. ट्रे, रेघा, एकशे एकवीस, भिंत. भिंगाखालचं तेवढं सांगितलं नाही. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा लाल होत गेला.

“म्हणजे काय म्हणायचंय तुला?”

“मला काही म्हणायचं नाही! मला बरण्या भरायच्यात! मी फक्त विचारतेय की—”

“इमारती खचतायत. सगळ्या. जमिनीखालचं पाणी उपसलं की होतं असं.”

“बरं.”

“खचतायत म्हटलं ना!”

“मी बरं म्हटलं ना!”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “भांडून झालं की खाट फिरवा.” दोघंही उठले आणि एकमेकांकडे न बघता त्यांनी खाट फिरवली.

७

गुरुवारी फोटोवाला आला. दिवे लावले, काळा कपडा पसरला, कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि बाईंनी दाखवलेल्या भेगेसमोर उकिडवा बसला.

“कुठे आहेत?” त्याने विचारलं.

भेगेचा काठ मोकळा होता. बाईंनी बॅटरी घेतली आणि आत मारली. त्या आत होत्या. पार आत, जिथवर उजेड जेमतेम पोचत होता तिथे, एकमेकींच्या अंगावर चढून, एकमेकींत आकडे अडकवून, पिवळा गच्च गोळा होऊन. आता कुठल्याच दिशेला तोंड नव्हतं. नुसती पकड होती. आणि भेग कालच्यापेक्षा अरुंद झाली होती.

“यांना बाहेर काढता येईल का?” फोटोवाला म्हणाला. “मला तीन वाजता लग्नाचा— मला दुसरं काम आहे.”

बाईंना देवमाशांवरच्या एका जाड पुस्तकातलं पान आठवत होतं. एरवी उवा अंगभर पसरलेल्या असतात. खोल बुडी मारायच्या आधी मात्र वळ्यांमध्ये, घड्यांमध्ये, मिळेल त्या फटीत शिरतात. त्यांना आधी कसं कळतं, याबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

त्यांनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“बोला,” सासूबाई म्हणाल्या. आवाज टेलिफोन ऑफिसातला.

“आई, तुम्ही ठीक आहात ना?”

“ठीक आहे. खिडकीचे गज धरलेत. त्याला बोलाव आणि तू ये. बाकी कुणाला काही सांगत बसू नकोस, वेळ जाईल.”

बाईंनी पर्स उचलली. जिन्यात साहेब आडवे आले.

“अहो, फोटो चाललेत आणि तुम्ही निघालात कुठे? अर्ज?”

“उद्या देते.”

“आधी द्यायचा असतो, बाई! सुटीचा अर्ज सुटीच्या आधी—” असं बोलता बोलता साहेबांनी जिन्याचा कठडा पकडला होता. दोन्ही हातांनी. बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं.

रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं, सगळं नेहमीसारखं. फळवाला फळं पुसत होता, पण एक हात बंद दुकानाच्या कुलपात अडकवून. बसच्या रांगेतल्या सगळ्यांनी थांब्याचा दांडा धरला होता, ज्यांचा हात पोचला नव्हता त्यांनी पुढच्याची बाही धरली होती, आणि बस तर अजून आलीही नव्हती. एक बाई मोबाइलवर कुणाला तरी झापत होती, आणि झापता झापता तिने विजेच्या खांबाला मिठी मारली होती. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. बाईंना वाटलं, एकेकाला धरून हलवावं, विचारावं, काय चाललंय काय तुमचं? मग त्यांनी खाली पाहिलं. त्या स्वतः कुंपणाच्या कडेने, एक गज सोडला की दुसरा पकडत चालल्या होत्या.

८

नवरा आधीच आला होता. लिफ्ट बंद म्हणून तिन्ही मजले चढून, घामाघूम. त्याच्या हत्यारांची पिशवी जमिनीवर उपडी झाली होती आणि तो आईच्या कमरेला लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना लावायचा जाड पट्टा बांधत होता. पट्ट्याचा आकडा खिडकीच्या गजात अडकवलेला.

“खचतायत ना इमारती?” बाई म्हणाल्या. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

“गप्प बस आणि इकडे ये.” त्याने दुसरा पट्टा उचलला.

“किती आहेत?”

“दोनच आहेत.”

“मग तुम्ही लावा. तुमचं वजन जास्त आहे.”

“अगं, आत्ता भांडू नकोस ना!”

“मी भांडत नाहीये! सांगतेय ते ऐका कधीतरी. एकवीस वर्षं झाली, एक गोष्ट ऐकली नाहीत माझी.”

त्याने पट्टा बाईंच्या कमरेभोवती घातला आणि खसकन आवळला, त्यांचा श्वास कोंडेपर्यंत. मग पलंगपोस पिळून स्वतःच्या मनगटाला आणि गजाला गाठ मारू लागला. एका हाताने ती बसेना. बाईंनी त्याचा हात झटकून गाठ स्वतः मारली, दातांनी ओढून. गाठ मारताना त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं होतं.

“घट्ट झाली?” त्याने विचारलं.

“झाली.”

सासूबाईंनी तेव्हा एक बोट वर केलं, ऐका, असं.

आधी दारं. खालच्या मजल्यावरचं एक दार आपटलं, मग त्याच्या वरचं, मग समोरच्या इमारतीतली, मग पलीकडच्या गल्लीतली, लांबवर, एकामागून एक. पडदे आत न येता बाहेर ओढले गेले आणि ताठ राहिले. मोरीच्या जाळीतून, बेसिनच्या भोकातून, जिन्यातून हवा वाहायला लागली. तिला आवाज होता, खूप खालून येणारा, रुंद, आणि तो संपतच नव्हता. बाईंच्या कानांत दडे बसले. कपाटावरचे कागद उडून खिडकीतून गेले. शब्दकोड्याचं पान गेलं.

मग आवाज बंद झाला. संपला नाही. आत घेतलेला श्वास कुणीतरी धरून ठेवावा, तसा थांबला.

खाली रस्त्यावर माणसं बसत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. फळवाला बसला. बसच्या रांगेतले जिथे होते तिथे बसले. दुचाक्या आडव्या करून लोक त्यांच्याशेजारी बसले, पालथे झाले आणि दोन्ही तळवे त्यांनी रस्त्यावर टेकवले. ऊन स्वच्छ होतं. कुठेही धावपळ नव्हती, रडारड नव्हती. चौकापासून बंदरापर्यंत माणसंच माणसं, चपटी, शांत, एका दिशेला तोंड करून.

चौकाच्या मधोमध फक्त वाहतूक पोलीस उभा होता. वाहनं अशी आडवीतिडवी सोडून दिलेली पाहून त्याचं टाळकं सटकलं होतं. शिट्टीवर शिट्टी फुंकत होता, हात नाचवत होता, एकाच्या गाडीला त्याने लाथही मारली. सबंध शहरात तेवढा एकटा चिडलेला होता.

बाईंनी गजांतून तोंड बाहेर काढलं.

“बसा!” त्या ओरडल्या. “अहो, खाली बसा! धरा काहीतरी!”

स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही. पण पोलिसाने मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरची ती बाई आणखी कसली तक्रार करतेय, अशा वैतागाने त्याने शिट्टी तोंडातून काढली, कानामागे हात धरला आणि हाताने विचारलं, काय?

तेव्हा त्याची टोपी डोक्यावरून उचलली गेली. सरळ मागे गेली, चौक ओलांडून, बसलेल्या माणसांच्या वरून, इमारतींच्या मधून, लहान लहान होत. खाली पडली नाही.